विडीचं लुगडं

आमच्या घरी सकाळी उठल्यावर सगळ्यांत आधी माझी छाती ऐकली जायची. चूल पेटवण्याआधी माय माझ्या पांघरुणात डोकं घालायची, पाठीला कान लावायची आणि जे ऐकू येईल ते बाहेर सपरीत बसलेल्या आबाजींना, माझ्या आजोबांना, ओरडून सांगायची. "मांजर निजली हाये" म्हणाली की सगळं घर सैल व्हायचं. बाबा सायकल काढायचे, आबाजी दातांना राखुंडी लावायचे, मायच्या बांगड्या वाजायला लागायच्या. "मांजर जागी हाये" म्हणजे छातीत घरघर आहे. त्या दिवशी बाबा लांबच्या कामावर जायचे नाहीत, सकाळची आंबील माझ्यापुरती गरम व्हायची आणि घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. मोठ्या आवाजानं दम वाढतो असं आमच्याकडं कोणीतरी ठरवून टाकलं होतं. कोणी, ते मला आजवर कळलेलं नाही.

आमचं गाव पवनीपासून सायकलनं पाऊण तासावर. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याच्या नंतरची ही वर्षं. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा मात्र अजून जुनाच होता, आणि गुरुजी त्याच्यावर छडी फिरवत "एवढा भाग आता आपला नाही, पोट्टेहो" असं काहीशा दुःखानं सांगायचे. घर तीन खोल्यांचं, पुढं सपरी, म्हणजे कौलं घातलेली उघडी पडवी. घरात आम्ही चौघं. बाबांच्या वाट्याला धानाची दीड बांधी, म्हणजे दीड भातखाचर, होती आणि उरलेला वेळ ते दुसऱ्यांच्या शेतात जायचे. पूर्वी उन्हाळ्यात ते नागपूरकडं विटांच्या कामाला जायचे, पण माझा दमा सुरू झाल्यावर त्यांनी गाव सोडणं बंद केलं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तिकडचं पाणी मले मानवत नाई." मला खरं कारण माहीत होतं. दम लागला की मला बसवून, पाठीला टेकू देऊन धरायला दोन माणसं लागायची, आणि आबाजींचे हात तेव्हा थरथरू लागले होते.

पण घराचा खरा जीव होता त्या सपरीत. तिथं माझी माय, कौसल्याकाकू आणि शेवंतामावशी विड्या वळायच्या. विडी कारखान्याचं कार्ड एकट्या मायच्या नावाचं होतं आणि त्याच्यावर तिघी काम करायच्या. सकाळचं रांधणं उरकलं की तिघी मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात एकीकडं ओलसर केलेली तेंदूची पानं, दुसरीकडं तंबाखूचा भुरका ढीग. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवायचा, कात्रीनं त्या मापाचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांत फिरवून वळायची, तोंड दुमडायचं, धागा गुंडाळायचा. मी मायच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि तिची खांद्याची हाडं हलताना मला गुदगुल्या व्हायच्या. कात्र्यांचा कचकच आवाज आणि त्याच्यावर तरंगणाऱ्या गोष्टी. कोणाच्या सुनेनं सासूला काय उत्तर दिलं, बपेऱ्याकडून कोणाची सोयरीक आली, कोणाच्या बांधीत पाणी फोडून घेतलं. कौसल्याकाकू विधवा होती, मूलबाळ नव्हतं, आणि नकला अशा करायची की शेवंतामावशीच्या हातातली विडी अर्धीच राहायची. मला जे काय बोलता येतं, चार माणसांत उभं राहून गोष्ट सांगता येते, ते मी शाळेत नाही शिकले. त्या सपरीत शिकले, तंबाखूच्या वासात.

तो वास मला आजही आवडतो. पानाच्या दुकानावरून जाताना क्षणभर पाय थबकतो आणि दुसऱ्याच क्षणी छाती आवळते. एकाच वासानं मन पुढं जावं आणि शरीर मागं फिरावं, हे ज्याला झालंय त्यालाच कळेल.

दमा सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची असेन. सुरुवातीला सर्दी, मग खोकला, मग ती मांजर. सपरीतल्या प्रत्येकीकडं त्याचं कारण होतं आणि प्रत्येकीकडं औषध. शेवंतामावशी म्हणायची जांब, म्हणजे पेरू, खाल्ल्यानं झालं, म्हणून आमच्या अंगणातलं जांबाचं झाड फळं धरायच्या दिवसांत माझ्यासाठी परकं झालं. कौसल्याकाकू अडुळशाची पानं आणायची, माय त्यांचा काढा करायची, आणि तो कडू काढा मी प्यावा म्हणून आबाजी आधी स्वतः एक घोट घेऊन "व्वा! गोड हाये" म्हणायचे. त्यांचं तोंड मात्र वेगळंच सांगायचं. सिंगाडे बंद, दही बंद, बोडीच्या तळ्यात डुंबणं बंद. एका कोजागिरीला बाबा मला लांब कुठंतरी दुधातलं औषध प्यायला घेऊन गेले. औषध मी प्यायले आणि परत येताना गारठ्यानं असा दम लागला की बाबांना सायकल सोडून मला खांद्यावर घ्यावं लागलं.

शेवटी मायनंच हट्ट धरला आणि मला पवनीच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझी छाती ऐकली, पाठ ऐकली, मला फुंकर मारायला लावली. मग मायकडं वळून विचारलं, "घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का?"

"नाई जी," माय म्हणाली. हे खरं होतं. आबाजींनी तर तंबाखूला आयुष्यात तोंड लावलं नव्हतं.

"तुम्ही काय काम करता?"

पदराखाली मायनं दोन्ही हात एकमेकांत गुंतवले होते. "धानाचं जी. रोवणी, निंदण, कापणी."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि निळ्या रंगाचा एक पंप लिहून दिला. तोंडात धरून दाबायचा, श्वासाबरोबर औषध आत घ्यायचं. तो कसा घ्यायचा ते त्यांनी दोनदा दाखवलं. दवाखान्यातून बाहेर आल्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. मायनं मला चिवड्याची पुडी घेऊन दिली. स्वतः खाल्लं नाही.

"सुजाता," ती म्हणाली. पूर्ण नाव ती क्वचितच घ्यायची. "मी खोटं बोलली का वं?"

"नाई माय. तू रोवणी करते ना."

"हव. करतो ना मी रोवणी."

आम्ही दोघींनी ते तिथंच पुरलं. मी लहान होते, पण इतकी नव्हते की मला समजू नये. बाईंना विड्यांचं कळलं तर त्या बंद करायला सांगतील, सपरी रिकामी होईल, कौसल्याकाकू येणार नाही, नकला होणार नाहीत. मायला तिचं काम वाचवायचं होतं, मला माझी सपरी. श्वासाचा विचार दोघींपैकी कोणीच करत नव्हतं.

पंप घरात आला तो चोरासारखा. गावात समजूत अशी की पंप लागला म्हणजे माणूस संपला, तो मग जन्मभर सुटत नाही. त्यात मी मुलगी. "पंपवाली पोरगी कोण करून नेईल?" हे शेवंतामावशी अगदी कळवळून बोलायची, वाईट मनानं नाही. म्हणून मायनं पंप लाखोरी डाळीच्या डब्यात लपवला आणि अगदी जीव कासावीस झाला तरच बाहेर काढायची. दार लावून, पाठ करून मला द्यायची. पंपाला डाळीचा भुसा चिकटलेला असायचा. आधी फुंकून तो उडवायचा आणि मग ओढायचा, असं ते औषध.

मग तो श्रावणातला दिवस. चार दिवस झड लागली होती, घरात भिंतींना ओल आली होती आणि वळलेल्या विड्या सुकत नव्हत्या. ओल्या विड्या कारखान्यात घेत नाहीत. म्हणून मायनं चुलीतल्या निखाऱ्यांवर पत्रा ठेवला आणि त्याच्यावर विड्या पसरल्या. मी आतल्या खोलीत गोधडीवर बसून पाढे लिहीत होते. पत्रा तापला तसा एक जड, गोडसर वाफारा खोलीभर पसरला. मला आठवतं, मी बाराचा पाढा लिहीत होते आणि बारा सातेपाशी अडले. आकडा आठवत होता, पण हात लिहीना. मी मायला हाक मारली, ती माझ्या तोंडातून निघालीच नाही. हातातली पाटी मी जमिनीवर आपटली. त्या आवाजानं माय आत आली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मायनं डाळीचा डबा पालथा केला, डाळ सगळीकडं उडाली. पंप ओढला, पुन्हा ओढला, काही होईना. शेवंतामावशी माझे तळवे घासत होती आणि "नखं पाह्य वं, नखं निळी होऊन राहिली" म्हणत रडत होती. कौसल्याकाकू लुगड्याचा काचा मारून पावसात धावत सुटली. बाबा गोपाळभाऊंच्या बांधीत रोवणीला गेले होते. गोपाळभाऊ म्हणजे गावातले जुने शेतकरी. त्यांचा ट्रॅक्टर त्या दिवशी चिखलणीला उतरवलेला होता. काकूनं शेताच्या धुऱ्यावरूनच बोंब मारली, आणि गोपाळभाऊंनी चिखल भरलेल्या चाकांनिशी तसाच ट्रॅक्टर आमच्या दारात आणला. मला मांडीवर घेऊन माय वर बसली, बाबांनी माझ्यावर घोंगडं धरलं. नाल्यावरच्या बुटक्या रपट्यावरून पाणी वाहत होतं. गोपाळभाऊ एकदाच मागं वळून म्हणाले, "पोरीले सांभाळ गा, मी थांबत नाई," आणि त्यांनी ट्रॅक्टर पाण्यात घातला.

दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. सुई झाली, नाकातोंडावर वाफेचा मुखवटा आला. दुपार कलली तेव्हा माझ्या छातीवरचा दगड कोणीतरी जरासा उचलला आणि मला खोलीतली माणसं दिसू लागली. बाई मायसमोर उभ्या होत्या.

"हात दाखवा तुमचे," त्या म्हणाल्या.

मायनं हात पदराखाली घेतले. बाईंनी ते हळूच बाहेर काढले, उलटे केले. तिची बोटं तांबूस पडलेली, अंगठ्याच्या नखाला कात्रीनं खाच पडलेली, आणि नखांत तंबाखू.

"विड्या वळता?"

मायनं माझ्याकडं बघितलं. "वळतो जी. पंधरा-सोळा वर्सं झाली."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तुम्ही बंद करा म्हणल्या असत्या."

बाबा भिंतीला टेकून उभे होते, ते खाली बसले. मला वाटलं आता बाई रागावणार. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि मायच्या समोर बसल्या. "बंद करा म्हणणं मला सोपं आहे," त्या म्हणाल्या. "घर तुम्हाला चालवायचं आहे, ते मला माहीत आहे. पण ही धूळ, तो वाफारा हिला सोसत नाही. काम घराबाहेर न्या. आणि परत आल्यावर हात, केस, कपडे सगळं धुतल्याशिवाय पोरीला जवळ घेऊ नका. पंप लपवू नका. तो विष नाही." पंप लपवलेला असतो हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बहुधा सगळीच घरं तो लपवत असणार.

दोन दिवसांनी घरी आलो तर सपरी झाडूनपुसून, शेणानं सारवून ठेवलेली. एक तेंदूचं पान नाही. शेवंतामावशी दारातूनच मायशी बोलली, आत आली नाही. "आमच्याच हातानं पोरीचा जीव जाऊन राहिला होता, यमुना, अन् आम्ही तिच्याच समोर हासत बसलो होतो." कौसल्याकाकूनं आपल्या घराची सपरी दिली. ती गल्लीच्या पार टोकाला, बोडीजवळ. "मले ना लेक ना नातू, माह्या घरी कोणाले दम लागते?" ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्यात तिनं काय दिलं ते मला तेव्हा कळलं नाही. मी रुसून बसले होते. माझ्यामुळं माझीच सपरी गेली होती आणि मला तिकडं पाऊल टाकायची बंदी होती.

पहिल्याच दिवशीची ही गोष्ट. दिवस मावळायला आला होता. मी आणि आबाजी रिकाम्या सपरीत बसलो होतो. आबाजी मला लाखोरीच्या घुगऱ्या सोलून देत होते. माय गल्लीच्या वळणावर दिसली आणि मी उठून धावत सुटले. आख्खा दिवस मी तिला बघितलं नव्हतं. ती अंगणाच्या तोंडाशी आली, मला येताना बघितलं, आणि घाबरून दोन पावलं मागं सरली. दोन्ही हात पुढं करून ओरडली, "शिवू नको! मले शिवू नको!"

मी जागच्या जागी थांबले. पण माझ्या मागं काहीतरी पडल्याचा आवाज झाला. घुगऱ्यांची वाटी. आबाजी उभे राहिले होते.

आबाजींना मी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. ते ज्या वर्षी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्या वर्षापासून रोज सकाळी विहारात जाणारे, हळू बोलणारे म्हातारे. लहानपणी ते गावाच्या विहिरीपासून लांब उभे राहायचे आणि कोणी वरून ओंजळीत पाणी घालेपर्यंत थांबायचे, हे ते कधीमधी सांगायचे, पण तेही हसत, जणू दुसऱ्या कोणाचं सांगतायत. त्या संध्याकाळी त्यांचा आवाज फाटला.

"यमुना! हा शब्द या घरात नाई बोलायचा. का सांगतो मी? या शब्दावर थुकून आलो आम्ही. आता माय आपल्या पोरीले म्हणते शिवू नको?"

माय अंगणाच्या तोंडाशी तशीच उभी. गल्लीतली दोनचार माणसं थांबली. सासऱ्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर पडू दिला नव्हता, मान वर केली नव्हती. तेव्हा केली.

"मंग का म्हणू, आबाजी?" ती रडत म्हणाली. "तुम्हीच सांगा. मले का हौस हाये? तिले पोटाशी घेतलं तं माह्या हातानं तिचा दम बंद होते. मी शिवली तं ती मरते. का म्हणू मी तिले?"

मी दोघांच्या मधे उभी होते, ना तिच्यापाशी जाता येत होतं ना मागं फिरता येत होतं. मग आबाजी वाकले, सांडलेल्या घुगऱ्या एकेक करून वाटीत भरल्या आणि आत गेले. माय अंगणाच्या कोपऱ्यात, उघड्यावर, अंधार पडायची वाट बघत त्याच विडीच्या लुगड्यात बसून राहिली, कारण न्हायला आडोसा नव्हता. त्या रात्री आमच्याकडं कोणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आबाजी अंगणात बांबू फाडत होते. थरथरत्या हातांनी, थांबत थांबत. दुपारपर्यंत बाबांना बरोबर घेऊन त्यांनी अंगणाच्या तोंडाशी, घरात शिरायच्या आधीच, ताट्यांची नहाणी उभी केली. आत फरशीचा तुकडा, कपडे टांगायला आडवा बांबू. आणि दिवस मावळायच्या आधी ते स्वतः गावाच्या विहिरीवर गेले. जिच्यापासून ते लहानपणी लांब उभे राहायचे तीच विहीर. बादलीनं पाणी ओढून आणलं, अर्धं वाटेत सांडलं, अर्धं नहाणीत ठेवलं. पुन्हा गेले. गल्लीतले लोक हसले. "म्हातारा सुनेले न्हायले पाणी भरून राहिला!" आबाजी थांबून म्हणाले, "भरून राहिलो. तुमाले का तकलीफ हाये?"

माय आली. तिला आडोसा दिसला, बादल्या दिसल्या, आणि पाठ फिरवून उभे असलेले आबाजी दिसले.

"न्हाऊन घे, माय," ते म्हणाले. सुनेला त्यांनी 'माय' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. "अन् पोरीले 'शिवू नको' म्हणू नोको. सांग, मी आली, मी येऊन राहिली, जराशी थांब. तिले थांबता येते."

तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षं आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी एक हाक ऐकू यायची. वळणावरूनच माय ओरडायची, "आली वं, आली!" मी सपरीच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. ताट्यांच्या आतून पाण्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, मधूनमधून "आली, आली". विडीचं लुगडं त्या बांबूवर राहायचं, ते घरात कधी आलं नाही. गल्लीतल्या बकऱ्या वाळत घातलेलं काहीही चघळायच्या, धोतरसुद्धा, पण त्या लुगड्याला एकीनंही तोंड लावलं नाही. मग माय ओल्या केसांनी, धुतलेल्या लुगड्यात बाहेर यायची आणि मला खांबावरून सोडवून घ्यायची. आबाजी असेपर्यंत पाणी त्यांनीच भरलं. ते गेल्यावर बाबा भरायला लागले आणि मग मी.

दमा गेला नाही. कमी झाला. मांजर कधी महिनामहिना निजून राहायची, धान मळायच्या दिवसांत जागी व्हायची. मी अजूनही पंप वापरते, लग्न झालं, मुलं झाली, माणसं ज्याला भीत होती त्यातलं बहुतेक काही झालं नाही. लोक म्हणतात आठवणी लिहायचं तुझं वय नाही, चाळिशीसुद्धा अजून आली नाही. पण शेवंतामावशी गेली, कौसल्याकाकूला आता नावं आठवत नाहीत. वाट बघून काय करायचं?

आणखी एक सांगायचं राहिलं, ते शाळेचं.

बाईंनी पंप लपवू नका सांगितल्यावर माय तो माझ्या दप्तरात द्यायला लागली. एकदा मधल्या सुट्टीत मी तो ओढला आणि मुलींनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या शेजारी कोणी बसेना. माझ्या पेल्यानं कोणी पाणी पिईना. एका मुलीच्या आईनं सांगितलं होतं की हा टीबीच आहे, नाव बदलून सांगतात. गुरुजी माणूस वाईट नव्हते, पण घाबरले. त्यांनी चिठ्ठी देऊन मला घरी पाठवलं, पूर्ण बरी झाल्याशिवाय पाठवू नये म्हणून. पूर्ण बरी व्हायचं म्हणजे मी कधीच शाळेत जायचं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. चिठ्ठी बाबांनी वाचून दाखवली. माय ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती कौसल्याकाकूकडं गेली नाही. सकाळीच न्हाली, लग्नाकार्यातलं लुगडं नेसली आणि माझा हात धरून शाळेत निघाली. त्याआधी तिनं शाळेची पायरी चढलेली मला आठवत नाही.

वर्गात गुरुजी होते, चाळीस मुलं होती. माय दारातच उभी राहिली आणि एका श्वासात बोलली, "गुरुजी, हा टीबी नाई. दमा हाये. लागून दुसऱ्याले होत नाई, डॉक्टरीणबाईनं सांगतलं. अन् हे पंपाचं औषध, हे का जहर नाई."

गुरुजी म्हणाले, "बाई, तसं नाही, पण पालक ऐकत नाहीत, मुलं भितात..."

"भेतात?" माय म्हणाली. "पाहा मंग." आणि तिनं माझ्या हातातून पंप घेतला, टोपण काढलं आणि स्वतःच्या तोंडात धरून दाबला. पहिला फवारा गालातच राहिला. "असं नाई, माय, श्वासासंगं," मी म्हटलं. तिनं पुन्हा दाबला. मग पुन्हा. चौथा बरोबर आत गेला. मुलं डोळे फाडून बघत होती. माय खोकली, डोळे पुसले आणि सगळ्यांकडं वळून म्हणाली, "मेली का मी?" पोरं खो खो हसली. कोणीतरी टाळी वाजवली. गुरुजीही हसले आणि मला माझ्या जागेवर बसायला सांगितलं. माझ्या शेजारी थोड्या वेळानं एक मुलगी येऊन बसली. दुसरी दिवाळीपर्यंत आली नाही, पण आली.

मी जागेवर बसले आणि खिडकीतून बघितलं, तर माय घराकडं गेलेली नव्हती. शाळेच्या पायरीवर बसली होती, भिंतीला धरून. मी गुरुजींना विचारून धावत बाहेर गेले. तिचे हात पिंपळाच्या पानासारखे हलत होते. ती ते मांडीत दाबून धरायचा प्रयत्न करत होती आणि ते ऐकत नव्हते.

"सुजे, पाह्य वं," ती म्हणाली. तिनं माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत काहीतरी पिंजऱ्यातल्या पाखरासारखं धडधडत होतं. "कशी उडून राहिली! हे औषधानं होते का?"

"हव. थोड्या वेळानं थांबते."

"तुले बी होते असं?"

"दर वेळी."

तीन वर्षं माय दार लावून, पाठ करून मला हा पंप देत आली होती आणि त्यानंतर मी गप्प गोधडीत शिरायची, ते झोपेनं असं तिला वाटायचं.

"अन् एकली पडून राहायची?" ती म्हणाली. "सांगतलं काहून नाई वं मले?"

तिनं मला मांडीवर ओढून घेतलं, तिची छाती माझ्या पाठीला लागली, आणि ती धडधड थांबेपर्यंत आम्ही दोघी शाळेच्या पायरीवर तशाच बसून राहिलो.